जमीन अजून ओली आहे आणि पाडवा जवळ आलाय

ताई, नमस्कार.

आम्ही जर्मनीत कार्ल्सरूहेजवळच्या एका गावात घर बांधतोय. दोन मजले मिळून १४० चौरस मीटर, सगळीकडे जमिनीखालून हीटिंग, बाहेर हवेवर चालणारा हीट पंप. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एस्ट्रिश झालं, म्हणजे हीटिंगच्या पाइपांवर सिमेंटचा सात सेंटिमीटरचा थर घातला. महिनाअखेरीस पंपातला ‘एस्ट्रिश प्रोग्रॅम’ चालवला. तो संपल्यावर साइट सांभाळणारे बाऊलाइटर म्हणाले, झालं, आता लाकडी जमीनवाल्याला बोलवा. तो आला, एका ठिकाणी जमीन फोडून ओल तपासली, ‘३.१ टक्के’ असं सांगितलं आणि ओकचं पार्के, म्हणजे लाकडी फळ्यांची जमीन, न घालताच परत गेला. त्याला १.८ हवंय. बाऊलाइटर आता म्हणतात, घाई असेल तर ‘आमच्या जबाबदारीवर’ असं लिहून द्या, दुसरा माणूस आणतो.

सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळत असतं. माळ्याच्या झडपेजवळ लाकडावर काळे ठिपके दिसायला लागलेत. नवरा म्हणतो, हीटिंग पूर्ण वाढवू आणि खिडक्या घट्ट बंद ठेवू. साताऱ्याहून बाबा फोनवर सांगतात, सिमेंटला पाणी मारा, नाहीतर तडे जातील. पाडव्याला गृहप्रवेश ठरलाय, पाच आठवडे उरलेत, आईबाबांची तिकिटं काढून झालीत आणि भाड्याचं घर मार्चअखेर सोडायचंय. काय करू?

— एक वाचक

प्रिय मैत्रीण,

तुमच्या या सगळ्या गोष्टीत तुमचं हित सगळ्यात जास्त जपलंय ते त्या पार्केवाल्याने. आलेला दिवस वाया घालवून, मजुरी न घेता परत जाणं कुणाला परवडत नाही. तरी तो गेला. त्याला धरून ठेवा, आणि त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण या दोन गोष्टी आजच ठरवून टाका.

आधी त्या ‘एस्ट्रिश प्रोग्रॅम’बद्दल, कारण सगळा घोळ तिथे झालाय. नवीन जमिनीवर हीटिंग दोन वेगळ्या कारणांसाठी चालवतात. पहिलं म्हणजे फुंक्शन्सहाइट्सन. ती परीक्षा असते: पाइप, जोड आणि सिमेंटचा थर उष्णता नीट सोसतात का, ते बघायची. सिमेंटचा थर घातल्यावर २१ दिवस थांबायचं, मग पाइपातलं पाणी तीन दिवस २० ते २५ अंशांवर ठेवायचं आणि नंतर तुमच्या हीटिंगच्या आराखड्यात जे कमाल तापमान धरलंय त्यावर किमान चार दिवस. एवढ्यात ती परीक्षा संपते. जमीन सुकली की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. तुमच्या पंपाने बहुधा हेच केलंय, आणि तारखांवरून बघता वेळेवर केलंय.

दुसरं ते बेलेगराइफहाइट्सन, म्हणजे वर लाकूड किंवा टाइल घालण्याइतका थर कोरडा होईपर्यंत चालवायची हीटिंग. ही ठरावीक दिवसांनी संपत नाही, मोजणीने संपते. आणि बऱ्याच करारांत ती पहिल्या हीटिंगच्या किमतीत धरलेली नसते, वेगळी मागवावी लागते. तुमच्या करारात दोन्ही शब्द शोधा. एकच सापडला तर बाऊलाइटर ‘झालं’ का म्हणाले, ते तुम्हाला कळेल.

आता पाण्याचा हिशेब करू. ढोबळ आहे, पण तो समजला की पुढचं सगळं आपोआप समजेल. १४० चौरस मीटरवर सात सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ दहा घनमीटर, वजनाने वीसेक टन. कालवताना त्यात दीड-दोन हजार लिटर पाणी गेलं असणार. त्यातलं काही सिमेंटने कायमचं धरून ठेवलं. उरलेलं हवेत जायचं आहे, आणि बरंचसं गेलंही आहे. तुमच्या जमिनीचा आकडा ३.१ वरून १.८ वर यायचा तर वीस टनांच्या सव्वा टक्क्याहून थोडं जास्त, म्हणजे अजून सुमारे अडीचशे लिटर पाणी निघायला हवं. भिंतींच्या गिलाव्यातलं वेगळंच.

हे अडीचशे लिटर हीटिंग घराबाहेर काढत नाही. हीटिंग ते फक्त जमिनीतून उचलून खोलीतल्या हवेत सोडते. बंद न्हाणीघरात ओलं लुगडं वाळत घालून खाली शेगडी ठेवली तर लुगड्यातलं पाणी भिंतींवर जाऊन बसेल, तसं तुमच्या घरात चाललंय. खिडक्यांवरचे ओघळ आणि माळ्यावरचे काळे ठिपके हे तेच पाणी आहे. यजमानांना उष्णता वाया जाऊ नये असं वाटतं ते रास्त आहे, पण खिडक्या बंद ठेवून जमीन तापवली तर वीजही जाईल आणि पाणीही घरातच राहील.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे ओल बाहेरून येते. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, गच्चीवर वॉटरप्रूफिंग करायचं, भिंतीला पोपडे आले की शेजाऱ्याच्या नळाकडे बघायचं, ही आपली सवय. जर्मनीतल्या नव्या घरात पहिल्या हिवाळ्यात ओल आतून येते आणि बाहेरची थंड हवा हाच तिच्यावरचा उतारा असतो. बाहेर ५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या एक घनमीटर हवेत पाणी जेमतेम साडेपाच ग्रॅम असतं. तुमच्या घरात २५ अंश आणि ७० टक्के असेल तर सोळा ग्रॅम. सगळं घर, साडेतीनशे घनमीटर, एकदा पूर्ण बदललं की साडेतीन लिटरच्या आसपास पाणी बाहेर गेलं. बाहेर रिपरिप पाऊस पडत असला तरी हे गणित चालतं, कारण थंड हवेत पाणी मावतच नाही. उलट जुलैतल्या एखाद्या उबदार, दमट दिवशी खिडक्या उघडून काहीच हाती लागत नाही. म्हणजे तुमचं नशीब वाईट नाही. जमीन सुकवायला फेब्रुवारी चांगला महिना आहे.

फक्त खिडक्या उघडायची पद्धत महत्त्वाची. दिवसभर तिरक्या करून ठेवलेल्या खिडक्यांनी हवा धड बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि नेमकी तिथे बुरशी धरते. त्यापेक्षा समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या सताड उघडा, दहा मिनिटं वारा आरपार जाऊ द्या आणि पुन्हा बंद करा. दिवसातून चार-पाच वेळा, जमलं तर जास्त. खोल्यांची आतली दारं उघडी राहू देत. दोन्ही मजल्यांवर एकेक साधं आर्द्रता-मापक ठेवा. काटा ६५च्या वर गेला की खिडकी उघडायची वेळ झाली. घरात यांत्रिक वायुवीजन बसवलं असेल तर ते आत्ता सुरू करू नका. बांधकामाची धूळ नळ्यांत जाऊन बसते आणि मग निघत नाही.

तुम्ही दोघं नोकरी करणारे. चार-पाच वेळा साइटवर कोण जाणार, हा प्रश्न मला दिसतोय. त्याला उत्तर म्हणजे बाऊट्रोकनर, हवेतलं पाणी गोठवून नव्हे तर गार पट्ट्यांवर साठवून बादलीत सोडणारं यंत्र. बांधकामाचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे मिळतं. उबदार आणि दमट घरात असं एक चांगलं यंत्र दिवसाला वीस-तीस लिटर सहज काढतं. प्रत्येक मजल्यावर एक ठेवा. त्याची नळी थेट ड्रेनमध्ये सोडा, नाहीतर रात्री बादली भरते, यंत्र थांबतं आणि सकाळपर्यंत नुसतं उभं असतं. हे यंत्र चालू असताना खिडक्या बंदच हव्यात, एरवी ते अख्ख्या गावाची हवा वाळवत बसेल. तुम्ही साइटवर असाल तेव्हा यंत्र बंद करून वारा घ्या, निघताना खिडक्या लावून यंत्र सुरू करा. यजमानांची ‘खिडक्या बंद’ची सूचना इथे कामाला येते.

हीटिंग किती वाढवायची? एकदम पूर्ण नको. पाइपातलं पाणी २५ अंशांपासून सुरू करून रोज जास्तीत जास्त दहा अंशांनी चढवायचं. सिमेंटच्या थराला सहसा ५५च्या वर नेत नाहीत, आणि हीट पंपाच्या घरात बऱ्याचदा त्याच्या खूप आधीच, ३५-४०ला थांबावं लागतं. मग जमीन सुकायला जास्त दिवस लागतात, एवढंच. नेमकी मर्यादा हीटिंगवाल्याकडून आणि एस्ट्रिशवाल्याकडून लेखी घ्या. चढवल्यावर ते तापमान दिवसरात्र सारखं ठेवायचं. रात्री कमी करायची सेटिंग बंद, सगळ्या खोल्यांतले हीटिंगच्या पाइपांचे सर्किट पूर्ण उघडे, थर्मोस्टॅटला मध्ये पडू द्यायचं नाही. मोजणीचा आकडा आल्यावर तसंच पायरीपायरीने उतरायचं. घाईने तापवलं तर वरचा भाग आधी सुकतो आणि आकसतो, खालचा ओलाच राहतो, आणि थराच्या कडा वर उचलल्या जातात. कडा थोड्या उचलणं कोणत्याही सिमेंटच्या थरात होतंच, पण घाईने ते वाढतं आणि तडे जातात. भिंतीलगत फोमची पट्टी वर आलेली दिसत असेल. ती लाकूड घालून होईपर्यंत कुणालाही कापू देऊ नका.

आणखी एक. हवेवरचा लहान हीट पंप ऐन थंडीत हे काम करताना दमतो आणि त्यातली विजेची कांडी मदतीला येते. तेव्हा मीटर जोरात पळतो. आजचं रीडिंग फोटो काढून ठेवा आणि बांधकामातल्या विजेचं बिल कुणाचं, ते करारात बघा. पंप पुरा पडत नसेल तर पाइपांना जोडायचं फिरतं विजेचं हीटरही भाड्याने मिळतं. जमिनीत खोल विहिरी घेतलेल्या पंपांसाठी तर मी ते हटकून सुचवते, कारण एस्ट्रिश सुकवण्यात त्या विहिरी पहिल्याच हिवाळ्यात गोठून बसायची भीती असते. तुमचा पंप त्यातला नाही, म्हणून तो मुद्दा इथेच सोडते.

जमिनीवर काय ठेवलंय, तेही एकदा फिरून बघा. जिप्सम बोर्डांच्या थप्प्या, रंगाचे डबे, प्लास्टिकचे ताव. त्यांच्याखालची जमीन सुकत नाही, आणि शेवटी नेमकी तिथेच लाकडाची फळी फुगते.

बाबांचं काय? बाबा चुकीचं सांगत नाहीत, ते दुसऱ्या कामाबद्दल सांगताहेत. आपल्याकडे स्लॅबवर पाणी साठवून क्युरिंग करतात, आणि सिमेंटला पहिल्या दिवसांत पाणी लागतंच. इथेही थर घातल्यावर पहिला आठवडा ऊन आणि वारा त्यावर येऊ देत नाहीत, ते त्याचसाठी. तो आठवडा जानेवारीतच संपला. आता थराने आपली ताकद घेतलीय आणि त्यावर ओतलेला प्रत्येक तांब्या तुमचा मुहूर्त लांबवेल. बाबांना असंच सांगा: तुमचं क्युरिंग झालं, आता सुकवणं चाललंय.

माळ्याकडे मात्र आजच जा. गरम दमट हवा वर चढते, झडपेच्या फटीतून थंड माळ्यात शिरते आणि थंड लाकडावर पाणी धरते. मी पाहिलेल्या ओल्या घरांत सगळ्यात महाग नुकसान जमिनीचं नव्हतं, छताखालच्या लाकडाचं होतं, कारण तिथे महिनोनमहिने कुणी चढतच नाही. झडप बंद करून कडेने चिकटपट्टीने सील करा. छताच्या इन्सुलेशनखालचा वाफ अडवणारा पडदा सलग आहे का, त्याला कुठे भोकं राहिलीत का, ते बाऊलाइटरला दाखवायला सांगा. ठिपक्यांचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, आणि दोष आढळल्याचं पत्र कंपनीला तारखेसह लेखी पाठवा. अर्ध्या चौरस मीटरपेक्षा जास्त पसरलं असेल तर स्वतः पुसायला जाऊ नका, तज्ज्ञ बोलवायला लावा. आणि नुसतं वरून पांढरं रंगवून देऊ म्हणाले तर नाही म्हणा.

आता मोजणी. पार्केवाल्याने केली ती सीएम मोजणी. जमिनीतून नमुना फोडून काढतात, कुटून बारीक करतात, सिमेंटच्या थराचा ५० ग्रॅम नमुना पोलादी बाटलीत घालतात, सोबत पोलादी गोळ्या आणि कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी. बाटली हलवली की कुपी फुटते, कार्बाइड पाण्याशी भिडून असिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून पाणी किती ते कळतं. हीटिंग असलेल्या सिमेंटच्या थराला मर्यादा १.८, हीटिंग नसेल तर २.०. त्याचा आकडा रास्त आहे. मात्र त्याने एकाच ठिकाणी फोडलं. तुमच्या घराएवढ्या जागेत किमान तीन ठिकाणी मोजायला हवं, आणि त्या जागा हीटिंगवाल्याने थर घालण्याआधीच खुणा करून ठेवलेल्या असायला हव्यात, म्हणजे छिन्नी पाइपात जात नाही. खुणा नसतील तर पाइप टाकताना काढलेले फोटो मागवा. नमुना वरच्या पापुद्र्यातून नको, थराच्या खोलीतूनच हवा. पुढच्या वेळी तिथे हजर राहा आणि तिन्ही आकडे तारखेसह लिहून घ्या. त्यासोबत हीटिंगचं प्रोटोकॉल, म्हणजे रोजचं तापमान आणि खिडक्या कधी उघडल्या याची नोंद. पुढे वाद झालाच तर तुमच्या बाजूने हे कागदच बोलतील.

बाटलीची मोजणी दर चार दिवसांनी करवणं खर्चाचं होतं, म्हणून मधल्या काळात घरगुती चाचणी करा. प्लास्टिकचा पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरचा तुकडा हीटिंग चालू असताना जमिनीवर चारी कडांनी घट्ट चिकटवा. चोवीस तासांनी खाली दव दिसलं किंवा जमीन काळसर झाली तर बाटलीवाल्याला बोलवायची वेळ अजून आलेली नाही. दव नाही दिसलं तर बोलवा. या चाचणीवर विसंबून लाकूड मात्र घालू नका.

यंत्रं, वारा आणि हीटिंग तिन्ही नीट चालली तर दोन ते तीन आठवडे लागतील असा माझा अंदाज आहे. त्यावर पार्केवाल्याची तारीख मिळायला आणि लाकूड चिकटवायला दिवस जातीलच. म्हणजे पाडव्याच्या आधी लाकूड बसेलही, पण कदाचित बसणारही नाही. या ‘कदाचित’वर आईबाबांचं आणि तुमचं मन टांगून ठेवू नका.

आणि त्या कागदाचं सांगते. ओल्या थरावर चिकटवलेलं ओक खालचं पाणी पितं, फळ्या फुगतात, कडा उचलतात, गोंद सुटतो. तेव्हा घरातलं सामान बाहेर काढून, लाकूड उखडून, जमीन पुन्हा सुकवून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. जर्मन कायद्यात घराच्या बांधकामातल्या दोषांसाठी ताबा स्वीकारल्यापासून साधारण पाच वर्षं बिल्डरला जबाबदार धरता येतं. तुम्ही सही करून ते स्वतःहून सोडून देताय, आणि तेही कशासाठी, तर तीन आठवड्यांसाठी. सही न करता उत्तर लेखीच द्या: ‘मोजणी १.८ वर आल्याशिवाय काम सुरू करू नये.’ पार्केवाल्यालाही त्याची हरकत लेखी पाठवायला सांगा. करार घेऊन तुमच्या राज्याच्या फरब्राउखरत्सेंट्रालेत, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्रात, एकदा जाऊन या. अशा सल्ल्याला लागणारी फी इथे सत्कारणी लागते.

घर सोडायचा प्रश्न पार्केपेक्षा तातडीचा आहे. घरमालकाला या आठवड्यातच विचारा, महिनाभर वाढवून देता का. पुढचा भाडेकरू ठरला नसेल तर बरेच जण देतात, पण मार्चच्या मध्यात विचारलं तर उशीर झालेला असतो. नाही म्हणाले तर महिन्याभराचं फर्निश्ड घर बघा. आईबाबा येणार आहेत, त्यांना धुळीत आणि ओलीत ठेवायचं नाही.

आणि गृहप्रवेश पाडव्यालाच करा. कलश, गणपतीपूजन, दूध उतू घालणं, उंबऱ्यावर तोरण, खिडकीत गुढी. यातलं काहीही उघड्या सिमेंटवर करता येतं. गावाकडे शेणाने सारवलेल्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वास्तुशांती झाली आहे. होम करायचा असेल तर कुंडाखाली विटांचे दोन थर आणि वाळू हवी, खाली गरम पाण्याचे पाइप आहेत. जमिनीत खिळा किंवा ड्रिल अजिबात नाही. त्या दिवशी यंत्रं बंद ठेवा, पूजा आटोपली की खिडक्या उघडून धूर आणि वाफ दोन्ही जाऊ द्या.

याला एक कायदेशीर बाजूही आहे. ताबा मिळेपर्यंत साइट बिल्डरच्या हाती असते, म्हणून त्या दिवसाची परवानगी लेखी घ्या आणि त्यात स्पष्ट लिहा की हा फक्त कौटुंबिक पूजेचा कार्यक्रम आहे, यातून घराचा ताबा स्वीकारला असं होत नाही. सोफा, पलंग, फ्रिज त्या दिवशी आत नेऊ नका. राहायला गेलात तर काम जसं आहे तसं पसंत केलं असा अर्थ निघू शकतो, आणि मग ओल्या जमिनीचं भांडण तुमच्या अंगावर येतं.

शेवटी, ओकच्या फळ्यांची खोकी पार्केवाला जाताना घरातच ठेवून गेला असेल तर ती आज संध्याकाळीच तिथून हलवा. अशा दमट हवेत ती खोक्यातच ओल धरतात, आणि जमीन सुकल्यावर फुगलेलं लाकूड चिकटवून काही उपयोग नाही. कोरड्या, उबदार जागी आडवी ठेवा. आकडा आल्यावर हीटिंग पायरीपायरीने उतरवून जमीन साधारण १८-२० अंशांवर आली की खोकी परत आणायची आणि मग फार दिवस न घालवता लाकूड बसवून घ्यायचं, कारण सुकलेलं सिमेंट नुसतं ठेवलं तर हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. पार्केवाल्याची तारीख त्या हिशेबाने आत्ताच तात्पुरती धरून ठेवा.

तुमची,
ताई